आक्काचा खुबा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आक्काने आज डावा पाय आधी टाकला!

म्हसवड स्टँडवर गाडी लावली होती. मी दारात. बावीस वर्षं एस.टी.च्या दारात उभा राहून म्हातारी माणसं चढताना बघतोय. पहिली पायरी उंच असते. ज्याचा जो पाय चांगला, तोच आधी वर जातो, दुखरा मागून ओढून घ्यावा लागतो. उतरताना उलटं, दुखरा आधी खाली. तोंडाने कुणी काहीही सांगो, पायरीवर कळतं.

आक्काने दोन्ही हातांनी दांडी धरली, डावा पाय वर टाकला, आणि मग उजव्या मांडीखाली हात घालून तो पाय साडीसकट उचलून वर घेतला. पिशवी उचलून ठेवावी तसा. मागे माणसं खोळंबली होती. एकजण म्हणाला, "मावशी, हुंद्या पुढं." मी नुसता बघत राहिलो. भाऊ म्हणून हात द्यायचा की कंडक्टर म्हणून, तेच सुचेना.

तिकीट द्यायला गेलो तेव्हा म्हणाली, "गुडगा धरलाय जरा." सहा वर्षं हेच म्हणते.

उद्या आईचा म्हाळ. त्यासाठी विट्याला आमच्याकडे आली आहे. दाजी म्हशीमुळे म्हसवडलाच राहिले.

१५ सप्टेंबर, सोमवार

म्हाळाच्या पंगतीत आक्काने खुर्ची मागितली. आमच्या घरात खाली बसून जेवायला तिला कधी अडचण नव्हती.  सगळ्यांपेक्षा उंच बसल्याने ती लाजली होती.

दुपारी बायकोने, पद्माने, तिच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. नंतर मला म्हणाली, "आवो, तेल गुडघ्याला लावतोय, पण कळ आली की त्यांचा हात जांघेत जातो. बघितलं का कधी?"

नाही बघितलं. सहा वर्षांत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज दिवसभर पायच बघत होतो. तिकिटाला दोनदा चुकलो.

मायणीचे आप्पासो आखूड आखूड पावलं टाकतात, एक हात मांडीवर. चप्पल सून घालून देते, वाकवत नाही म्हणून. गुडघ्याला पट्टा आहे! मेंढरांमागे फिरणारा धुळा बसून उठला की पहिली दहा पावलं मोडक्या खाटेसारखा करकरतो, मग सैल होतो आणि चालू लागतो. सुलाबाई दोन वर्षांपूर्वी मोरीत पडल्या, मांडीचं हाड अगदी वर मोडलं, आत सळई घातली. आता दुखत नाही म्हणतात. तरी कोरड्या खडखडीत रस्त्यावर ओल्या फरशीवरून चालावं तशा चालतात. हाड जुळलं, भीती तशीच राहिली.

कमरेखालचंच सगळं दुखणं, पण चाल प्रत्येकाची वेगळी.

आक्काचं यातल्या कुणासारखंच नाही. ती उजवीकडे झुकून डुलते. पण ती तर पहिल्यापासूनच डुलते! आम्हाला ती तिची चाल वाटायची. कुणाचा आवाज जाड असतो, तशी.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सुट्टी होती. आक्का परवाच परत गेली. ओसरीवर बसलो आणि सगळं आठवत राहिलं.

मी सहा वर्षांचा होईपर्यंत आक्काच्या कडेवर होतो म्हटलं तरी चालेल. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई रानात, मी आक्काच्या कडेवर. विहिरीवर, दळणाला, पुढे शाळेच्या दारापर्यंतसुद्धा. गुरुजी म्हणायचे, "बनुबाई, उतरव त्या घोड्याला!" गावातल्या बाकीच्या पोरी पोरांना डाव्या कडेवर घ्यायच्या, उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. आक्का मला उजव्या कडेवर घ्यायची. का, ते कधी विचारलं नाही. तिच्या कडेवर बसलं की झोका बसायचा. एक पाऊल जड, एक हलकं. मला डोळे मिटूनही कळायचं, आता ओढा आला, आता चढ लागला. तिच्या केसांना करंजेलाचा वास. ओढ्याच्या काठावर ती थांबायची, मला वर सरकवायची आणि म्हणायची, "नाथबाबाच्या नावानं!" मी ओरडायचो, "चांगभलं!" मग पाण्यात पाय.

ते दिवस कुणी परत दिले तर मी काहीही देईन.

आणखी एक आठवलं. लिहू का नको असं झालं. पाहुणे आले की मी आक्काची चाल करून दाखवायचो. अंगणभर उजवीकडे झुकत, डुलत. सगळे पोट धरून हसायचे. आक्काही हसायची. मग मला गुळाचा खडा द्यायची.

तिला बघायला दाजी आले तेव्हाचंही स्वच्छ आठवतं. मुलीने पोहे घेऊन बाहेर यायचं, ही रीत. आईने आक्काला पाहुणे यायच्या आधीच पाटावर बसवून ठेवलं. पोहे आत्याने फिरवले. पाहुणे वेशीबाहेर जाईपर्यंत आक्का पाटावरून हलली नाही. तिचा पाय झोपला होता, मी चिमटे काढून उठवला. दाजींना कळलं ते थेट सप्तपदीला. मांडवात कुजबुज झाली. दाजी त्या वेळी रजेवर आलेला साधा शिपाई. त्यांच्या काकाने विचारलं, "लालासाहेब, बगितलीस का पोरगी कशी चालती?" दाजी म्हणाले, "मला कुठं परेडला उबी करायची हाय?"

सगळा मांडव हसला. तेव्हापासून ते आमचे दाजी.

२४ सप्टेंबर, बुधवार

मिरज. आक्का, दाजी, मी.

डॉक्टरांनी आधी गुडघ्याचा फोटो बघितला. म्हणाले, "गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे!" दाजी म्हणाले, "मग त्याल कुठं मुरलं सहा वर्षं?"

दुखणं खुब्यात आहे. गुडघ्यात कळ येते ती वरून येते. आम्ही 'कंबर' म्हणतो, 'मांडी' म्हणतो, 'जांगाड' म्हणतो. खुबा हा शब्द आमच्या घरात बैलाच्या बाबतीतच निघायचा.

डॉक्टरांनी मूठ वळून दुसऱ्या तळव्यात ठेवून दाखवली. मांडीचा गोळा आणि त्याला धरणारी वाटी. आक्काची वाटी जन्मापासूनच उथळ. गोळा नीट बसलाच नाही कधी. म्हणून पाय दीड बोट आखूड, म्हणून ती डुलत चालणं. बासष्ट वर्षं त्यावर ती चालली, आता गोळा झिजून चपटा झाला आहे. "लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं.

 लक्षात सगळ्यांच्याच आलं होतं. आम्ही हसत होतो.

सांधा बदलायचा. दिवाळीआधी करू म्हणाले. आक्का म्हणाली, "तुळशीच्या लग्नापत्तुर न्हाई. माजं उभ्याचं नवरात्र असतं."

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांना दाजींनी समजावलं – म्हसवडला सिद्धनाथाच्या दारात दिवाळी पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उभं राहायचं. बारा दिवस बूड टेकायचं नाही. झोप आली तर भिंतीला टेकून. पहाटे गावाला प्रदक्षिणा. लग्न झालं त्या वर्षापासून बनुबाईचा एकदाही खंड नाही, त्रेचाळीस झाली. हे सांगताना दाजींची छाती पुढे आली. नवस त्यांच्यासाठीच आहे ना! सरहद्दीवर चोवीस वर्षं काढली, एक ओरखडा नाही. सुभेदार होऊन सही सलामत घरी आले.

डॉक्टर गंभीर झाले. "बाई, या खुब्यावर बारा दिवस? तो गोळा एका बाजूने बसत चाललाय."

आक्का म्हणाली, "गोळा बसला तर बसू द्या. म्या न्हाई बसायची."

५ नोव्हेंबर ठरली. डॉक्टर नाराज. मीही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल मिरजेला पायाचे व्यायाम शिकवणारी ऋचा नावाची मुलगी भेटली. मी आक्काला हौसेने काठी घेतली होती, उजव्या हातात दिली होती. ऋचा म्हणाली, "उलटं! काठी चांगल्या बाजूच्या हातात. ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची." आक्का डाव्या हातात काठी घेऊन चार पावलं गेली आणि थांबली. "आगं बया, हलकं वाटतंय की!"

मी आयुष्यभर बघतोय, आपल्याकडे सगळेच दुखऱ्या बाजूला काठी धरतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. तरी ड्यूटी. आप्पासोंना आपट्याचं पान दिलं आणि सांगितलं, काठी दुसऱ्या हातात घ्या. आणि ते गुडघ्याचं नाही, खुब्याचं असेल, फोटो काढून घ्या. म्हणाले, "का वो मास्तर, तिकीट फाडायचं सोडून डागदरकी कवापास्नं?" सगळी गाडी हसली. पण उतरताना काठी बदललेली दिसली!

९ ऑक्टोबर, गुरुवार

आक्काला व्यायामासाठी पुन्हा मिरजेला नेलं. दोन आठवडे माझ्या मनात एकच प्रश्न घर करून होता. ती व्यायाम करत असताना ऋचाला बाजूला घेऊन विचारलं. मी सहा वर्षं हिच्या उजव्या कडेवर होतो. त्या भारानेच हा खुबा गेला का?

ऋचा हसली नाही. तिने नीट विचार केला. मग म्हणाली, उलट आहे. एका पायावर उभं राहताना अंग तोलून धरणारे खुब्याचे स्नायू यांचे कमजोर. म्हणून त्या दुखऱ्या बाजूला झुकतात. वजन त्याच बाजूला घेतलं तर तोल आपोआप साधतो, स्नायूला कमी ओढावं लागतं. "तुम्ही त्यांना जड नव्हता, काका. कदाचित मदतच होत असेल."

येताना गाडीत आक्काला हे सांगितलं. वाटलं, नवल करेल. ती खिडकीतून तासगावच्या द्राक्षबागा बघत होती. सहज म्हणाली, "मला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"तू कडंवर असलास का मी कमी डुलायची. आन् डुलले तरी बघणाऱ्याला वाटायचं, पोराच्या वज्ज्यानं वाकडी चालतीया. म्हनून तर तुला खाली सोडत न्हवते रं."

 

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मला वाटत होतं ते लाडाने होतं.

लाडही असेलच. दोन्ही असेल. देवाच्या पाया पडताना आज बराच वेळ डोकं वर काढावंसं वाटेना.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. आक्का उभी राहिली. दाजींचा फोन – "घट बसलं, बाई उभी!"

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. दरवर्षी माझी भाऊबीज म्हसवडला देवळाच्या आवारातच होते, कारण आक्का नवरात्रात. मी पाटावर बसतो, ती उभ्यानेच ओवाळते. लहानपणापासून मला तिच्याकडे मान वर करून बघायची सवय.

आज गेलो. आक्का खांबाला खेटून उभी. काठी डाव्या हातात, बरोबर धरलेली. चेहरा चुन्यासारखा. उजवं पाऊल नुसतं टेकवलेलं, भार सगळा डाव्यावर. शेजारच्या बायका म्हणत होत्या, "बनुबाईचं सत्व लय मोठं." मला राग आला. देवाचा नाही. कुणाचा ते कळेना.

म्हणालो, "आक्का, बस. नाथबाबा रागावणार नाही."

"तू पयल्यांदा पाटावर बस. उगं भाषण नगं."

मी बसलो नाही. तिच्यासमोर उभाच राहिलो. तिचा एक हात काठीवर, म्हणून ताटाची एक बाजू मी धरली, एक तिने. तसंच ओवाळलं. दिव्याच्या उजेडात बघितलं, तिच्या ओठावर घाम होता. मी म्हटलं, निदान मी रजा काढून तुझ्याजवळ राहतो. तेव्हा कुठे हसली.

"तू कशाला? तुझं तर एस्टीत बाराई म्हयनं उभ्याचं नवरात्र!"

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी डेपोत शिरतोय तोवर दाजी फोनवर. आवाज परेडचा नव्हता.

पहाटेच्या प्रदक्षिणेत वेशीजवळ आक्काचा उजवा पाय उचललाच नाही. पडली नाही. पाय रोवल्यासारखी तिथेच थांबली. हाताने उचलून बघितला, तरी पुढे जाईना. मागून प्रदक्षिणेची माणसं येत राहिली, तिच्या दोन्ही अंगांनी पुढे जात राहिली. मग दाजींनी तिला कट्ट्यावर बसवलं.

बसवलं!

दाजी म्हणाले, "हरी, तुमची आई वारली तवाबी इतकी रडली न्हवती ती."

गाडी करून दुपारी मिरजेला नेलं. गोळा आणखी खचला आहे. ऑपरेशन २९ला. वाटेत तिने एवढंच म्हटलं – चौथ्या दिवशीच बसले, चव्वेचाळीसावं गेलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दाजी पिशवी भरून निघाले! कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, म्हसवडला. उभं राहायला. उरलेले दिवस ते भरून काढणार.

आक्का पलंगावरून ओरडली, "आवं, आपरेशन माजं आन् तुमी तिकडं?"

"तुज्यापाशी हरी हाय, पद्मा हाय. देवापाशी कोन हाय?"

"तुमचं वय काय? अडुसष्ट! रगात उतरंल पायात!"

"बने, त्रेचाळीस वर्सं माज्यासाटी उबी ऱ्हायलीस. आठ दिस मला ऱ्हाऊ दे. गार्ड बदलला आसं समज."

  आक्का भिंतीकडे वळून पडली. दाजींनी तिच्या पायावरची चादर सारखी केली, मला सलाम ठोकला आणि गेले. त्यांच्याही चालीत आता थोडा डावा पाय मागे राहतो. आज पहिल्यांदा दिसलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

झालं. अडीच तास. वाटी खोल केली, गोळा नवा. मी बाहेर जप करत बसलो होतो, माळ कितीदा फिरली ते कळलं नाही. दाजींचे नऊ फोन. प्रत्येक वेळी आधी स्वतःचं सांगायचे – "उबा हाय", मग विचारायचे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ऋचा वॉकर घेऊन आली. म्हणाली, "चला आजी, उभ्या राहा."

आक्काला वाटलं थट्टा चालली आहे. "आजच?"

"आजच. जेवढं लवकर, तेवढं चांगलं."

आक्काने माझ्याकडे बघितलं. नवरात्राचा नववा दिवस. मग तिने पाय खाली सोडले. ऋचाने एका बाजूने धरलं, पद्माने दुसऱ्या. उभी राहिली! घाम फुटला. ऋचा पाच मिनिटं म्हणाली होती. आक्का हटेना. "अजून. अजून जरा." शेवटी ऋचाने दरडावून बसवलं.

मी कोपऱ्याकडे तोंड करून रडून घेतलं. या वयात.

नंतर आक्काने विचारलं, "हरी, दोनी खांदं सारकं दिसत हुतं का रं?"

दिसत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला सरळ उभी बघितली. खोटं कशाला लिहू, क्षणभर ती मला दुसरीच कुणी बाई वाटली. माझ्या ओळखीची आक्का थोडी कललेली आहे. मला तीच हवी होती की काय?

१ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणलं, विट्याला. गाडीतून उतरताना शिकवल्याप्रमाणे उजवा पाय आधी खाली. ऋचा म्हणाली आहे, डुलायची जुनी सवय जायला महिने लागतील. आक्का म्हणाली, "जाऊ दे की. मला कुठं घाई हाय?" पण सकाळपासून चार वेळा उठली.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचं लग्न. आक्का वॉकर धरून वृंदावनापर्यंत गेली आणि आली. दोन्ही पावलांचा आवाज सारखा. मी म्हणालो, "संध्याकाळी दाजी बसतील. तुझा नवस पुरा झाला."

ती पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या पावलांकडे बघत होती. म्हणाली, "त्यो त्यांच्यासाटी कवाच न्हवता, हरी. मला पाटावर बसवून ठेवलं त्या दिशी बोलले हुते. मला सरळ चालता येऊ दे, मी तुज्या दारात उबी ऱ्हाईन. बाईनं सवतासाटी मागितलेलं कुनाला सांगायचं? मग ते सरहद्दीवरनं सुकरूप आलं, आन् समद्यांनी त्यांच्या नावावर धरलं. मीबी धरू दिलं." मग म्हणाली, "त्यास्नी सांगू नगंस."

तेवढ्यात दाजींचा फोन. "तिला सांग, अजून उबा हाय."

सांगितलं.